अकरा नंबरची प्रतिक्रिया

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईला चार शब्द लिहायची लाज वाटते, ही गोष्ट सुनेच्या काही केल्या पचनी पडत नव्हती.

"आई, अहो नुसतं 'छान' लिहायचंय. लग्नाला हो म्हणायलासुद्धा इतका वेळ लागला नसेल तुम्हाला."

"तेव्हा मला विचारलं कोणी होतं?" सासू म्हणाली, आणि तिने लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं, जणू आत कोणी झोपलं होतं.

सून शाळेत गणित शिकवायची. दुपारी परत आली की तिचा लॅपटॉप तासभर सासूच्या ताब्यात असे. सासू ब्लॉग वाचायची. कुंड्यांतल्या झाडांवरचा एक, विणकामावरचा एक, एका निवृत्त जहाजी इंजिनिअरचा एक. मन लावून, खालच्या प्रतिक्रियांसकट. स्वतःची प्रतिक्रिया मात्र ती एका जुन्या वहीत लिहायची, तारीख आणि वेळ घालून. दोन वर्षांत वही भरत आली होती. त्यातलं एक अक्षरही कधी पडद्यावर उमटलं नव्हतं.

सुनेला जे कळत नव्हतं ते असं, की एक्स्चेंजमध्ये तिची सासू बोलत नव्हतीच. एका लांब खोलीत चौदा बोर्ड ओळीने मांडलेले, प्रत्येकासमोर एक उंच स्टूल, आणि प्रत्येकीच्या तोंडी तीनच वाक्यं. 'नंबर प्लीज.' 'जोडून देते.' 'लाइन बिझी आहे.' चौथं वाक्य उच्चारलं की मागून फेऱ्या मारणाऱ्या मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या सुपरवायझर, खांद्यावर पेन्सिल टेकवत. माणसं तारेवर रडत, भांडत, लग्नं जुळवत आणि मोडत. सगळं कानी पडे, पण मध्ये बोलणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा. त्यामुळे दुसऱ्याच्या लिखाणाखाली आपण काही लिहायचं म्हटलं की तिला खांद्यावर पेन्सिल टेकल्यासारखं व्हायचं.

तिथे नावं नव्हती, नंबर होते. जो बोर्ड तोच नंबर. ती अकरा होती. आज बहात्तराव्या वर्षीही जुन्या मैत्रिणींपैकी कोणाचा फोन आला तर, "काय गं अकरा, आहेस ना अजून?" असाच येतो.

या सगळ्या ब्लॉगांत एक ब्लॉग असा होता, की तो ती सगळ्यांत शेवटी उघडायची. 'जुन्या तारा' असं त्याचं नाव. लिहिणाऱ्या होत्या मोठ्या बाई, वय वर्षं चौऱ्याऐंशी. त्या सांगत आणि त्यांची नात टाइप करी. दर सोमवारी एक नोंद. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली होती आणि क्रम सोडला नव्हता. त्यामुळे अकराला महिन्यांचा हिशोब लावता येत होता. एप्रिलच्या नोंदींत नवं छप्पर आलं. जूनच्या नोंदींत बोर्ड बदलले. ऑगस्ट उजाडला तशी तिला रविवारची झोप लागेना. बाई त्या दिवसाच्या जवळ येऊन ठेपल्या होत्या.

ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी नोंद आली. मथळा होता, 'आमची लाजाळू अकरा'.

शेजारच्या रंगाच्या गोदामाला दुपारी दोन वाजता लागलेली आग बाईंनी छान रंगवली होती. काळा धूर खिडक्यांतून आत आला, मुली घाबरून जिन्याकडे धावल्या, पण एक मुलगी हलली नाही. इस्पितळाची आणि अग्निशामक केंद्राची लाइन तिच्या बोर्डावर होती. चाळीस मिनिटं, बोर्ड बंद पडेपर्यंत, ती एकटी फोन जोडत राहिली. गोदामातले सतरा जण त्यामुळे वाचले. पुढे चौकशी झाली तेव्हा या मुलीने स्वतःहून एक शब्द काढला नाही. मान खाली घालून उभी राहिली. 'असा नम्रपणा आता बघायला मिळत नाही.'

सुनेने ती नोंद मोठ्याने वाचून दाखवली. बाहेरच्या खोलीत दाराच्या वर त्या दिवसाचं प्रशस्तिपत्र काचेत लावलेलं होतं. सासरेबुवा होते तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत. त्यांच्या मागे ते काम सुनेने हौसेने उचललं होतं.

"आई, आता तरी लिहा. धन्यवाद तरी म्हणा बाईंना."

"बघू," अकरा म्हणाली.

खरं काय घडलं होतं ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. धूर आत आला आणि तिची पाचावर धारण बसली. एक माणूस तारेवर ओरडत होता, "इस्पितळ द्या, इस्पितळ द्या", आणि तिने डोक्यावरचा हेडफोन काढून बोर्डावर टाकला आणि ती पळाली. जिन्यात तिच्या पुढे फक्त मोठ्या बाई होत्या. मागे राहिली ती नऊ. दहा त्या दिवशी रजेवर होती, म्हणून नऊ आणि अकरा शेजारीच होत्या. नऊला बोर्डावर पडलेल्या हेडफोनमधून त्या माणसाचं ओरडणं ऐकू आलं असणार. ती उठली. शिस्तीची बाई, इतक्या धुरातही तिने आपला हेडफोन आधी नऊच्या खुंटीवर टांगला, कारण जागा सोडताना तो टांगायचा असा नियम होता. मग ती अकराच्या स्टुलावर बसली. आणि दुसरा नियम असा, की तातडीच्या लाइनवर समोरच्याला नंबर सांगायचा, तोही जागेचा, आपला नाही. म्हणून ती चाळीस मिनिटं सांगत राहिली, "अकरा बोलतेय."

बोर्ड बंद पडल्यावर ती मागच्या लोखंडी जिन्याने उतरली. तिला उतरताना कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नऊचा हेडफोन खुंटीवर, म्हणजे नऊ जागा सोडून गेली. अकराची खुंटी रिकामी, म्हणजे अकरा बसून होती. इस्पितळाच्या आणि अग्निशामकांच्या वहीतही स्पष्ट लिहिलेलं, 'फोन अकराने जोडले.' मोठ्या बाईंनी रजिस्टरवर सही केली. एकीचं तरी नाव निघालं आणि सगळ्या खात्याची अब्रू वाचली. बाकी सगळ्यांना मेमो मिळाले. पळालेल्या गप्प बसल्या. भांडली एकटी नऊ.

चौकशीच्या खोलीत तीन साहेब होते आणि एक पंखा होता. नऊ खोकत होती. तिने अकराकडे वळून म्हटलं, "अकरा, सांग ना गं यांना."

अकराने मान खाली घातली. तिच्या चपलेचा एक पट्टा उसवलेला होता. तो तिला अजून आठवतो.

"जाऊ द्या, फार लाजाळू आहे ती," मोठ्या बाई म्हणाल्या. साहेब हसले, आणि त्या हसण्याने ते प्रकरण मिटलं. नऊची बढती अडकली ती कायमची. अकराला वर्षभरात चौकशीच्या खिडकीवर बसवलं, दिवसपाळी, पंख्याखाली. पुढची नऊ वर्षं त्या दोघी एकाच इमारतीत होत्या. नऊ तिच्याशी एकच वाक्य बोले, "जोडून दे." मग नऊने बदली मागून घेतली. सहा वर्षांपूर्वी ती गेली. अकराने पेपरात वाचलं, आणि कोणाला काही न बोलता तो कागद डब्याच्या तळाशी अंथरला.

आता तुम्ही म्हणाल, गप्प राहायची एवढी सवय झाली होती तर आणखी काही वर्षं ती गप्प राहिली असती. राहिलीही असती. पण गुरुवारी त्या नोंदीखाली एक प्रतिक्रिया आली. नावाच्या जागी लिहिलेलं होतं, 'नऊची मुलगी'.

'माझी आई त्या दिवशी नऊ नंबरवर होती. ती या आगीबद्दल घरात कधीच बोलली नाही. ती तेव्हा काय करत होती, कोणाला आठवतं का?'

त्याखाली मोठ्या बाईंचं उत्तर होतं. 'बाळा, तुझी आई कामाला चोख होती. त्या दिवशी मात्र ती जागा सोडून गेली. बऱ्याच जणी गेल्या. भीती सगळ्यांनाच वाटते. मनाला लावून घेऊ नकोस.'

अकराने ते तीनदा वाचलं. मग वही उघडली, तारीख घातली, वेळ घातली, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं, आणि लिहिलं, 'ती मी नव्हते.' वहीत ते सहज लिहिलं गेलं. पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीपर्यंत बोट नेलं आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं.

म्हणून तिने आधी सराव करायचं ठरवलं. बहात्तर वर्षांच्या बाईने कुंड्यांच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया देण्याचा सराव करावा, याला हसायचं तर हसा. पहिल्या दिवशी 'छान' लिहून ती स्वयंपाकघरात निघून गेली, जणू दगड मारून पळाली. परत आली तर खाली उत्तर आलेलं, 'धन्यवाद काका!'

सून पोट धरून हसली. "काका! आई, चष्म्याचा फोटो लावलात की काय?"

"फोटोच नाही लावला."

"म्हणून तर काका. ज्यांना फोटो लावता येत नाही, ते सगळे काकाच असतात."

दुसऱ्या दिवशी तिने एका ओळीत लिहिलं की पानांवरचा पांढरा कापूस साबणाच्या पाण्याने जातो. तिसऱ्या दिवशी विणकामवालीला सांगितलं की टाके घट्ट आहेत, सुया एक नंबर मोठ्या घ्या. त्यावर विणकामवाली जरा फणकारली. पण काही पडझड झाली नाही. आकाश जागच्या जागी होतं, सून स्वयंपाक करत होती. आठव्या दिवशी जहाजी इंजिनिअरशी तिची चक्क वादावादी झाली आणि तिला रात्री छान झोप लागली.

अकराव्या दिवशी तिने 'जुन्या तारा' उघडलं आणि मान वर ठेवून लिहिलं:

'आगीच्या दिवशी बोर्डावर मी नव्हते. मी पळाले होते. अकराच्या जागेवर नऊ बसली होती आणि नियमाप्रमाणे ती अकरा बोलतेय असं सांगत होती. सतरा माणसं तिने वाचवली. चौकशीत तिने मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिले. अकरा.'

तिने कळ दाबली. उठली नाही. तिथेच हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

पहिलं उत्तर वीस मिनिटांनी आलं, कुठल्याशा अनोळखी माणसाचं. 'काय हा मोठेपणा! आपलं श्रेय गेलेल्या मैत्रिणीच्या ओंजळीत टाकलंत. नमस्कार.' मग दुसरं. 'एका मुलीला दिलासा देण्यासाठी स्वतःला पळपुटी म्हणवून घेणारी माणसं आता कुठे?' मग मोठ्या बाईंचं. 'बघा, अजूनही तश्शीच! म्हणूनच मी मथळा तसा दिला होता.' त्याखाली लाल बदाम. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस बदाम झाले.

सूनही वाचून आली. तिचे डोळे भरले होते. "आई, किती मोठं मन आहे हो तुमचं."

"अगं, ते खरं आहे."

"असं तुम्ही म्हणणारच."

अकराने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. चौदा वर्षं एका घरात काढलेली ही बाई, गणित शिकवणारी, आणि तिलाही हे गणित सुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"अकरा?"

ती उभी राहिली. गुडघे दुखत होते, तरी उभीच राहिली. "बोला, बाई."

"फार सुंदर लिहिलंस गं. माझी नात म्हणते, आजी, या अकराला आपण एकदा भेटू या."

"बाई, ते खरं आहे."

"काय खरं आहे?"

"मी पळाले होते. जिन्यात तुम्हीच माझ्या पुढे होता."

मग बाईंचा आवाज बदलला, तोच जुना, पेन्सिलवाला. "हे बघ. जे कागदावर आलं ते आलं. त्या रजिस्टरवर माझी सही आहे. या वयात माझी सही तू खोटी ठरवणार?"

"आगीनंतर नऊ हिवाळाभर खोकत होती, बाई. मी एकदाही खोकले नाही. तुम्ही रोज आम्हा दोघींच्या मागून फेऱ्या मारत होता."

"धूळ असते त्या बोर्डांत."

"माझ्याही बोर्डात होती."

"लाजाळू होतीस तेच बरं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सून दारात उभी होती. तिच्या हातात शाळेची पिशवी होती. तिने एकदा वर काचेतल्या पत्राकडे बघून घेतलं आणि ती शाळेला गेली. त्या दिवशी ती संध्याकाळी उशिरा आली आणि तिने लॅपटॉप उघडून सासूपुढे ठेवला.

नऊच्या मुलीचं उत्तर आलेलं होतं. 'मावशी, तुम्ही माझ्या आईसाठी एवढं लिहिलंत, मला भरून आलं. पण तिच्यासाठी खोटं बोलायची गरज नाही. ती घाबरली असेल तर घाबरली असेल. मी तिला माफ केलं आहे.'

हे शेवटचं वाक्य अकराच्या जिव्हारी लागलं. ज्या बाईने काहीच केलं नव्हतं तिला तिच्या मुलीने माफ केलं होतं.

यावेळी तिने वही उघडली नाही. सरळ लिहिलं. 'तुझी आई आगीनंतरच्या हिवाळ्यात खोकत होती का ते आठवून बघ. धुरात चाळीस मिनिटं बसलेलं माणूस खोकतं. मी खोकले नाही.'

उत्तर तासाभरात आलं.

'मी सात वर्षांची होते. आई उशी तोंडावर धरून खोकायची, आम्ही जागे होऊ नये म्हणून. आत्ता तिची ट्रंक काढली. मेमोला तिने दिलेल्या खुलाशाची नक्कल आहे. शेवटची ओळ अशी आहे, "खात्री करायची असल्यास अकराला विचारावे." कोणीच विचारलं नसावं. मी विचारते. तुम्ही का बोलला नाहीत?'

त्याखाली कोणीही बदाम टाकला नव्हता.

अकराने वही घेतली. एवढ्या नेमक्या प्रश्नाला नेमकंच उत्तर द्यायला हवं, असं तिने स्वतःला सांगितलं. पहिल्या पानावर तिने कारणं लिहिली. नवऱ्याचं आजारपण, पदरात लहान मूल, साहेबांचा दरारा, पत्र आधीच टाइप झालेलं. वाचून पाहिलं तर सगळी खरी होती आणि एकही कारण नव्हतं. तिने पान खोडलं. दुसरं पान माफी मागण्यात गेलं. तेही खोडलं. पुढच्या दिवशी तिने काही लिहिलं नाही. कपाट आवरलं, कुंड्यांची माती बदलली, दोनदा लॅपटॉपजवळ गेली आणि परत आली. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी, सव्वानऊ वाजता, उत्तर चार ओळींत आपोआप उतरलं:

'पहिल्या दिवशी घाबरले म्हणून बोलले नाही. नंतर ते पत्र मला आवडायला लागलं. सगळे मला लाजाळू म्हणत होते, त्याच्या आड मी उभी राहिले. तुझ्या आईने मला विचारलं तेव्हा मला नीट ऐकू आलं होतं.'

एकही खाडाखोड नव्हती.

तिने नोंद उघडली आणि खाली, पार तळाशी गेली. जिथे रिकामी चौकट असायची तिथे करड्या अक्षरांत एक ओळ होती. 'या नोंदीवरील प्रतिक्रिया बंद करण्यात आल्या आहेत.' वरच्या बदामांचा आकडा चव्वेचाळीसवर गेला होता. 'नऊची मुलगी' या नावावर तिने बोट ठेवून पाहिलं. ते नाव कुठे उघडत नव्हतं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सून मागे येऊन उभी राहिली आणि तिने ती ओळ वाचली. मग वहीतल्या चार ओळी वाचल्या.

"आपण शोधू तिला," ती म्हणाली. "तिच्या आईचं नाव तर माहीत आहे ना तुम्हाला?"

"आईचं आहे. मुलीचं नाही."

"मिळेल. दोनच दिवस तर झालेत."

"हो," अकरा म्हणाली. "दोन दिवस तिने वाट बघितली असेल. चौकशीच्या खोलीत तिच्या आईने मिनिटभर बघितली होती."

सुनेने मान वळवली. काचेतलं पत्र तिथेच होतं, दाराच्या वर. "ते काढू का, आई?"

"राहू दे," अकरा म्हणाली. "घरी येणारे विचारतात त्याबद्दल. आता मी सांगत जाईन."